एकटीनं जायचं कार्ड

अठ्ठावीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडलेल्या बाईला प्रवास कसा करायचा ते जावई शिकवत होता. तेही फ्रिजसमोर उभं करून.

"टेकवा, थांबा, हिरवा दिवा लागला की चाला," जावई म्हणाला. "परत एकदा, आई."

सगळी गल्ली त्यांना कंडक्टरबाई म्हणायची, निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी. कंडक्टरबाईंनी सरावापुरतं हातात दिलेलं दवाखान्याचं कार्ड फ्रिजच्या दाराला टेकवलं आणि म्हणाल्या, "याचा दिवा आत असतो, जावईबापू. दार उघडल्यावर लागतो."

ओट्याशी उभी असलेली लेक फिसकन हसली. नवऱ्यानं वळून पाहिलं तशी पाठ फिरवून भांडी घासायला लागली. बाईंना जावयापेक्षा त्या पाठीचाच जास्त राग आला.

जावई विम्याच्या कचेरीत होता. ज्या गोष्टीची माणसाच्या मनात भीती नाही, ती आधी घालायची आणि मग त्यावर इलाज विकायचा, हा त्याचा धंदा. घरातही तो धंदा बंद नसे. शहरातल्या गाड्यांत आता सुटी तिकिटं कुणी काढत नाही, फाटकं आपोआप उघडतात, आपोआप मिटतात, म्हातारी माणसं मधे अडकतात, असं त्यानं आठवडाभर ऐकवलं होतं. शेवटी फर्मान निघालं. जाण्याआधी कार्ड काढायचं, त्यात पैसे भरून घ्यायचे, वापरायला शिकायचं. "मग जा एकट्या. नाहीतर मी येतोच."

त्या 'मी येतोच'पायी बाई फ्रिजसमोर उभ्या होत्या.

थोरली बहीण शहरात राहत होती. रविवारी पहाटे मुलगा तिला परदेशी घेऊन जाणार होता, कायमची. तिचा फोन आला होता. "धाकटे, एकदा येऊन जा. एकटीच ये. त्या घड्याळवाल्याला आणू नकोस. मला बोलायचंय."

घड्याळवाला म्हणजे जावई. मागच्या खेपेला तो सोबत आला होता. दोघी बहिणींच्या मधे बसला, थोरलीचं रक्तदाबाचं यंत्र तिलाच समजावून सांगितलं आणि दर पाव तासानं मनगट पाहिलं. दोन तासांत दोघी एकमेकींना 'बरं आहे' एवढंच म्हणू शकल्या. आता शेवटची एक दुपार उरली होती, शनिवारची. दोन ते पाच. पाचला भाचा घरी येणार होता.

कार्ड मिळायचं ठिकाण बाईंच्याच जुन्या डेपोत निघालं. जिथं पूर्वी चौकशीची खिडकी होती तिथं आता काच, काचेमागे गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक सुस्त गृहस्थ. त्यानं फोटो मागितला, पत्ता मागितला, जन्मतारीख मागितली.

"लग्न जुळवताय का?" बाई म्हणाल्या. "मी लाखांनी तिकिटं फाडली, पण कुणाला जन्मतारीख विचारली नाही. कुठं जायचं, एवढं विचारायचे."

गृहस्थ हसला नाही. "मोबाइल नंबर?"

बाईंनी तोंड उघडायच्या आत जावयानं स्वतःचा नंबर सांगून टाकला. "म्हणजे कसं, आई, तुम्ही फाटकातून आत गेलात की मला मेसेज येईल, बाहेर पडलात की पुन्हा येईल. काळजी नाही."

"छान," बाई म्हणाल्या. "गाईच्या गळ्यात घंटा बांधतात, त्यातलाच प्रकार."

घरी आल्यावर त्यांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. निळा चकचकीत तुकडा, कुठून कुठवर जायचं ते नाही, तारीख नाही, भाडं नाही. बाईंना एका नजरेत सांगता यायचं, कोण तिकीट काढणार आणि कोण खिडकीबाहेर पाहायचं नाटक करणार. हिरवी शाल घेतलेली एक जाडी बाई रोज नवा थांबा सांगून तिकीट चुकवायची. तिचा चेहरा अजून आठवत होता. हे कार्ड तसलंच वाटलं. तोंडावर काही लिहिलेलं नाही, विश्वास मात्र ठेवायचा. आणि हरवलं तर? अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या अंगावर लटकवलेली एकही वस्तू हरवली नव्हती. हातात धरलेल्या मात्र दोन छत्र्या गेल्या होत्या.

त्यांनी पेटीतला तिकिटाला भोक पाडायचा पंच काढला. डेपोत यंत्रं आली तेव्हा मोडीत निघालेला, साहेबांनी 'घेऊन जा, बाई' म्हटलेला. कार्डाच्या कोपऱ्यावर तो धरला आणि दाबला. खट्. इतकं गोल, नेटकं भोक पडलं की हात अजून शाबूत आहे याचं त्यांना समाधान वाटलं. भोकातून चष्म्याची जुनी दोरी ओवली आणि कार्ड गळ्यात घातलं. लेक म्हणाली, "छान केलंस." जावई फोनमध्ये डोकं घालून बसला होता.

शनिवारी एक वाजता बाई बसनं शहरात उतरून तिथल्या स्टेशनात, फाटकासमोर उभ्या राहिल्या. टेकवलं. थांबल्या. लाल. पुन्हा टेकवलं. लाल. मागून कुणीतरी म्हणालं, "आजी, सरका ना, लोक खोळंबलेत."

फाटकाशी गणवेशातली एक बाई उभी होती. तिनं दोरीला धरून कार्ड पुढं ओढलं, तशी कंडक्टरबाईंची मानही पुढं गेली.

"हे भोक कोणी पाडलं?"

"जावयानं," बाई म्हणाल्या. इतकं सहज खोटं त्या आयुष्यात बोलल्या नव्हत्या. हजारो वेळा ऐकलं मात्र होतं. माझं तिकीट भावाकडे आहे, तो पुढच्या दारानं उतरला.

"सांगा त्यांना, याच्या आत कडेकडेनं तार फिरवलेली असते, केसासारखी. ती तुटली की संपलं. ही आता नुसती पट्टी आहे." गणवेशवालीनं कार्ड सोडून दिलं. "नवं करायला तीन दिवस लागतात. थांबा, नोंदवलेल्या नंबरावर फोन लावते. घरचं कुणीतरी येऊन तुम्हाला घेऊन जाईल."

घेऊन जाईल. हरवलेल्या पिशवीसारखं.

"नको," बाई म्हणाल्या. "रोखीनं तिकीट मिळतं की नाही?"

"मिळतं. त्या टोकाला, एकच खिडकी. पण रोखीवाले म्हणजे आता..." वाक्य पुरं न करता तिनं हात झटकला.

हा हात बाईंच्या ओळखीचा होता. बोचकी घेऊन चढणाऱ्यांना, 'जाते का हो गाडी?' असं दहादा विचारणाऱ्यांना त्या असाच हात झटकून मागं सरकवायच्या. अठ्ठावीस वर्षं. समोरून तो कसा दिसतो ते आज कळलं.

त्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. रांग लांबलचक होती आणि खिडकीतला माणूस नोटा उजेडात धरून पाहत होता, जणू स्वतः छापणार होता. माझ्या गाडीत अशी दिरंगाई असती तर पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं मला, बाई मनात म्हणाल्या. पुढचा पोतंवाला प्रत्येक पावलाला पोतं उचलायचा, ठेवायचा. मागची बाई विचारत राहिली, "ही रांग तिकिटाचीच ना?" चौथ्यांदा विचारल्यावर बाई वसकन म्हणाल्या, "नाही, साखरेची." मग वळून जरा हळू म्हणाल्या, "तिकिटाचीच आहे. उभ्या राहा." अडीच वाजायला आले तेव्हा कागदाचा चिटोरा हातात पडला.

थोरलीच्या दारात पोचेपर्यंत सव्वातीन झाले. खोलीत भिंतीलगत तीन बॅगा बांधून ठेवलेल्या, कपाटं उघडी, रिकामी. थोरली पलंगाच्या कडेला बसली होती, स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी.

"दोनला येणार होतीस," ती म्हणाली. "पहिल्यापासून मंदच तू."

"आणि तू पहिल्यापासून घाईची. बोल आता, काय बोलायचंय?"

थोरलीनं उगाच इकडच्या तिकडच्या चौकशा केल्या. लेकीची, गुडघ्याची. मग चादरीची सुरकुती सारखी करत म्हणाली, "मला जायचं नाही."

"सांगितलंस त्याला?"

"विचारलंय कुणी? विमानाचं तिकीट काढून झाल्यावर मला कळलं. वर म्हणतो, आई, तुला काही करावं लागणार नाही, नुसतं बसायचं. मी काय फुलदाणी आहे?"

"मग नको जाऊस."

"म्हणे नको जाऊस! बॅगा बांधून झाल्यात."

"बॅगांना पाठव," बाई म्हणाल्या. "ताई, माझ्या गाडीत घंटा मारेपर्यंत कुणालाही उतरता यायचं. सामान चढवलं म्हणून मी कुणाला आत कोंडलं नाही."

थोरली काही म्हणणार, तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. पाचला दीड तास अवकाश होता. भाचा धापा टाकत आत आला, फोन कानाशीच होता.

"आहेत, आहेत, इथंच आहेत!" तो फोनमध्ये ओरडला. "मावशी, अगं तुझ्या जावयाला मेसेज आला नाही म्हणून त्यांनी सगळीकडे फोन केले. मला कचेरीतून पळत यावं लागलं. घे, बोल त्यांच्याशी."

बाईंनी फोन घेतला. पलीकडून 'आई, मी म्हटलं होतं ना' सुरू झालं होतं.

"कार्डाला मीच भोक पाडलं, जावईबापू. गळ्यात घालायला. तरी पोचले. आता ठेवा, आम्ही बोलतोय." त्यांनी फोन बंद करून पालथा ठेवला आणि भाच्याला म्हणाल्या, "बस. तुझ्या आईला काहीतरी सांगायचंय."

भाच्यानं आईकडे पाहिलं. थोरलीनं खिडकीकडे पाहिलं.

"काही नाही रे," ती म्हणाली. "ती मोठी बॅग जड झाली का बघ जरा."

भाचा बॅगेकडे वळला. बाई ताडकन उठल्या.

"काही नाही? परक्यांसमोर मान ओढून घेतली, दीड तास त्या मठ्ठाच्या खिडकीपुढं पाय मोडले, ते 'काही नाही' ऐकायला? मला मंद म्हणतेस आणि स्वतः पोटच्या पोरापुढं शेपूट घालतेस? सांगायचं नसेल तर चढ त्या विमानात आणि बस फुलदाणी होऊन. मला मात्र फोन करू नकोस."

थोरलीचा चेहरा लाल झाला. तिला असं कुणी बोलून पन्नास वर्षं झाली असतील.

"येत नाहीये," ती म्हणाली.

भाचा हसला. "कोण येत नाहीये?"

कुणीच हसत नाही असं पाहून तो बॅगेवरच बसला.

"मी," थोरली म्हणाली.