पाऊल पाहून घेतलेली बोट

मित्रांनो, येलदरीच्या जलाशयाकाठी लिंबाच्या झाडाखाली दोन ओंडक्यांवर एक पिवळी बोट टेकवून ठेवलेली दिसते ना, ती मी. ऊन खाऊन माझा हळदीसारखा रंग आता भुशासारखा झाला आहे. इथून मला पाणी दिसतं. त्यावर आता दुसरी बोट धावते.

समुद्राकाठच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझं अंग लाकडाचं नाही, फायबरचं आहे. कारागिरांनी माझं पोट सपाट ठेवलं, ओढ कितीही बसली तरी मी सरळ जावं म्हणून पोटाखाली लहान पंख बसवले, आणि इंजिन व दोरीचा खांब दोन्ही मधोमध उभे केले. मी बुडू नये म्हणून पाय ठेवायच्या तळफळीखाली फोम भरला. माझं काम एकच होतं. एका फळीवर उभा राहिलेला खेळाडू दोरी धरून माझ्यामागे येतो, डावी-उजवीकडे झेपावतो आणि पाण्यावर तरंगणाऱ्या लाल गोळ्यांना वळसे घालतो. या खेळाला स्लॅलम म्हणतात. प्रत्येक वळशानंतर त्याला माझ्यामागे उठणारी लाट ओलांडावी लागते. लाट उंच असली की तो फेकला जातो. म्हणून आमच्यात जिची लाट लहान, ती बोट मोठी.

पुण्याकडचा एक क्लब बंद पडला, तेव्हा आम्ही दोन बोटी विकायला निघालो. फौजेतून निवृत्त झालेले वैजीनाथराव बोरीहून आले. गावाकडच्या पोरांना हा खेळ शिकवायचा त्यांनी ध्यास घेतला होता. सोबत त्यांचे मेहुणे बन्सीधर होते. बन्सीधरांना दुसरी बोट आवडली. ती पांढरीशुभ्र, उंच, मागे इंजिन लटकवलेली होती.

“दाजी, हीच घ्या. लग्नातल्या घोडीवानी दिसायलीय. ती पिवळी तर म्हशीवानी बसलीय पाण्यात!”

“मला वरात काढायची न्हाई, बन्सी. तू बैल घेताना शिंगं बघतूस का पाऊल?”

“पाऊल. मागचा पाय पुढच्याच्या ठशात पडला पाहिजे.”

“मग हिचं बी पाऊल बघू.”

वैजीनाथराव आधी पांढऱ्या बोटीत आणि मग माझ्यात पाठमोरे बसले, आणि फक्त मागच्या पाण्याकडे पाहत राहिले. “बोट घ्यायला आलो अन् दाजी पाणी बघायलेत,” असं बन्सीधर पुटपुटले. पांढऱ्या बोटीमागे दोन्ही बाजूंनी बांध घातल्यासारखी लाट उभी राहिली होती. माझ्यामागे चादरीला पडावी तेवढी घडी पडली. मित्रांनो, त्या दिवशी मी निवडली गेले. पुढे कितीतरी पोरांनी माझी स्तुती केली, पण न बोलता पाण्याकडे पाहणारा तो माणूस मला अजून आठवतो.

मग माझे सुखाचे दिवस आले. वैजीनाथरावांची मुलगी पंकजा माझ्यामागे पडत, उठत, शिकत मोठी झाली आणि मग स्वतःच शिकवू लागली. सराव संपला की वैजीनाथराव मला वर ओढत, तळाचं बूच काढत, पाणी निथळू देत आणि वरून ताडपत्री घालत. हे काम ते एकटेच करत. दुसऱ्या कुणाला ते कधी शिकवावं लागलं नाही.

गेल्या वर्षी होळीनंतर वैजीनाथराव आजारी पडले. त्यांना नांदेडला दवाखान्यात ठेवलं. पंकजा त्यांच्याजवळ राहिली, सराव थांबला. दवाखान्यातून त्यांनी पत्नीला, पारूबाईंना, निरोप धाडला, “बोटीकडं ध्यान ठेव.”

पारूबाई शेतकऱ्याच्या घरात वाढल्या होत्या. उन्हाळ्यात बैलगाडीची चाकं पाण्यात ठेवतात. लाकूड कोरडं पडलं तर तडकतं, चाकाभोवतीची लोखंडी धाव सैल होते. त्यांना वाटलं, बोटीचंही तसंच असणार. त्यांनी तळाचं बूच लावून टाकलं आणि दर सोमवारी ताडपत्री सारून त्या घागरी भरभरून माझ्यात ओतू लागल्या. ओतताना माझ्याशी बोलत. “दवाखान्यात मला आत सोडीत न्हाईत गं. बाहेरूनच बघून यावं लागतं. मी काय करू?” पाणी तळफळीखाली उतरायचं. फोम ते पिऊन घ्यायचा. मला तोंड असतं, तर पहिल्याच घागरीला मी त्यांना थांबवलं असतं. पण मग त्या पुन्हा आल्या नसत्या, हेही मला कळतं.

पोळ्याच्या आधी वैजीनाथराव गेले. मला कुणी सांगितलं नाही. त्या सोमवारी पारूबाई आल्या नाहीत, तेव्हा मला उमगलं.

थंडीत पंकजाने पुन्हा मुली गोळा केल्या. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका क्लबाने आपली राखाडी बोट देऊ केली होती. सांभाळणं एकाच बोटीचं झेपणार होतं. म्हणून दोघींची परीक्षा ठरली. बन्सीधर चालवायला बसले. पंकजा माझ्यात पाठमोरी बसली, वडील बसायचे तशी. माझ्यामागे फळीवर भक्ती नावाची मुलगी होती. पहिल्याच वळशाला ती माझ्या लाटेवर आदळून फेकली गेली. दुसऱ्यांदाही तेच झालं. राखाडी बोटीमागे मात्र ती सगळ्या गोळ्यांना वळसे घालून आली.

“तसा काय लय फरक न्हाई, ताई,” भक्ती ओले केस पिळत म्हणाली. बोट कुणाची आहे हे तिला ठाऊक होतं. पण पंकजाने माझ्यामागचं पाणी पाहिलं होतं.

बन्सीधरांनी तळफळी उचकटली. “फोम भिजलेल्या गादीवानी जड झालाय, म्हणून एवढी लाट उठायलीय. पाणी कुठून शिरलं? तडा तर न्हाई कुठं!”

“तडा कसा जाईल?” डबा घेऊन आलेल्या पारूबाई अभिमानाने म्हणाल्या. “दर सोमवारी घागरी घातल्या मी. कोरडी पडूच दिली न्हाई तिला.”

बन्सीधरांनी तळफळी पुन्हा जागेवर बसवली. पंकजाने माझ्या काठावर हात ठेवला. मग म्हणाली, “बरं केलंस, माय. पण हिचं आता वय झालं. पोरींसाठी ती राखाडी घेऊ.”

“तुझ्या अण्णाचं कुठं वय झालं होतं?” एवढंच बोलून पारूबाई डबा उघडायला बसल्या.

मला लिंबाखाली आणलं. पंकजाने माझं बूच काढून ठेवलं. त्यानंतरच्या सोमवारी पारूबाई घागर घेऊन आल्या. ओतलेलं पाणी तळातून वाहून त्यांच्या पायांशी आलं. त्यांनी ते पाहिलं आणि काठावर सराव घेणाऱ्या पंकजाला हाक मारली.

“पंकजा, हिला पाणी नकोच होतं का गं?”

पंकजाला या वेळी खोटं बोलता आलं नाही. “नको होतं, माय.”

पारूबाईंनी घागर खाली ठेवली. पदराने माझा काठ पुसला आणि मलाच विचारलं, “मग तुला काय लागत होतं?”

मित्रांनो, मला फक्त कोरडं राहायचं होतं. प्रेम मला भरपूर मिळालं, तेवढा हा एक प्रश्न उशिरा आला. तुमच्या घरात जे जीव आहेत, ज्या वस्तू आहेत, त्यांना तो आजच विचारा.