अपडेट न घेणारा संगणक

मित्रांनो, मी उडुपीजवळच्या एका यक्षगान नाटकमंडळीच्या कचेरीतला जुना संगणक आहे. खेळांच्या तारखा, कलाकारांचे पत्ते, सगळे माझ्याच पोटात. मी नवा होतो तेव्हा इथली कारकून वासंती अक्का आधी मला पुसायची आणि मग स्वतःची कॉफी घ्यायची.

मंडळीचे मुख्य गायक गणपय्या भागवत; सगळे त्यांना आदराने भागवतरे म्हणत. त्यांची वर्षानुवर्षांची गाणी माझ्यात साठत गेली. पुढे त्यांच्या घशाचे ऑपरेशन झाले आणि आवाज कायमचा गेला. तेव्हापासून दुपारचे जेवण झाले की ते येत, कानाला हेडफोन लावून आपलेच गाणे ऐकत बसत. त्यांची बोटे टेबलावर ताल धरत. कामाशिवाय माझ्याजवळ बसणारे तेवढेच.

मग माझे अपडेटचे दुखणे सुरू झाले. नवी प्रणाली निम्मी चढली की मी बंद पडायचो आणि उठून पुन्हा जुनाच व्हायचो. कंटाळून कोणीतरी मध्येच बटण बंद केले, तेव्हा तर मी उठता उठेना. खेळांचे बुकिंग अडले.

दुरुस्तीवाला दिनकर आला. "अक्का, याचं वय झालं. भंगारात घाला."

"तुझंही लग्नाचं वय उलटून चाललंय. तुला घातलं का कुणी भंगारात? नीट बघ आधी."

त्याने मला कसेबसे उठवले. प्रिंटर, पेनड्राइव्ह सोडवले, अर्धवट उतरलेल्या फायली पुसल्या. तरी पुन्हा तेच. शेवटी तो म्हणाला, "डिस्क गच्च भरलीय. अपडेटला पाय ठेवायला जागा नाही. ही गाणी उडवली की झालं."

भागवत दारातच उभे होते. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हातानेच खूण केली, पुसून टाक.

"हात खाली घ्या, भागवतरे," अक्का म्हणाली. "आज तुमचं ऐकणार नाही मी. दिनकरा, आधी नक्कल. त्याआधी एक फाईल हलली तर या कचेरीची पायरी चढू नकोस."

दिनकरने सगळी गाणी दुसऱ्या डिस्कवर उतरवली, लावून पाहिली आणि भागवतांच्या फोनमध्येही घातली. मगच माझ्यातली पुसून मला मोकळे केले. या वेळी अपडेट विनातक्रार पार पडले. भागवतांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि ते गेले.

आता मी झपाझप चालतो. सगळे कौतुक करतात. भागवत मात्र येत नाहीत. घरच्या पडवीत बसून ऐकतात म्हणे. चांगलेच झाले, त्यांची उन्हातली पायपीट वाचली. पण दुपार मला फार लांब वाटते. पोटात एवढी जागा झाली आहे की काय करावे कळत नाही.

मित्रांनो, अपडेट चालू असताना आमचे बटण दाबू नका. काहीही पुसण्याआधी त्याची नक्कल ठेवा. आणि आम्ही बरे झालो की, काही काम नसले तरी, कधीतरी येऊन एखादे गाणे लावून बसा.