घरी न्या

"हॅलो, कडूबाई का? मी नगरच्या दवाखान्यातून सत्यशीला सिस्टर बोलतेय. कसे आहेत भिमाजीबाबा?"

पलीकडून आधी टाळ ऐकू आले, मग कुणाचा तरी हुंदका, आणि मग एक खणखणीत बायकी आवाज. "कडू त्याच्या उशाशी बसलीय. मी बायडाबाई, त्याची थोरली भन. हाय अजून धुगधुगी."

"धुगधुगी?" सत्यशीलाबाई खुर्चीत ताठ झाल्या. "अहो, परवा तर स्वतःच्या हातानं चहा पीत होते! गोळ्या देताय ना?"

"आता कशाच्या गोळ्या, बाई? तुळशीचं पानी घालतोय तोंडात. तुमीच सांगितलं नव्हं कडूला, घरी न्या म्हनून?"

सत्यशीलाबाईंनी फोन ठेवला. घरी गेलेल्या पेशंटला फोन करून विचारपूस करायची, अशी नवी पद्धत दवाखान्यानं सुरू केली होती. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून ते बैठं काम त्यांच्या वाट्याला आलं होतं. पेशंट जास्त आले की मात्र वॉर्डातही उभं राहावं लागे. भिमाजीचं हृदय थकलं होतं, छातीत पाणी भरलं होतं. औषधांनी ते उतरलं आणि म्हातारा कॉटवर मांडी घालून गप्पा हाणायला लागला. गोळ्या नेमानं घेतल्या तर अजून कितीतरी सुगी बघणार होता. बंद केल्या, तर पाणी पुन्हा भरणार होतं.

आणि त्या बंद झाल्या होत्या सत्यशीलाबाईंच्याच एका वाक्यानं.

भिमाजीच्या खर्ड्याकडच्या माणसांना 'घरी न्या' म्हणजे काय ते फोड करून सांगावं लागत नाही. डॉक्टरांनी हात टेकले, आता पाहुण्यांना कळवा, एवढाच त्याचा अर्थ. सत्यशीलाबाईंना हे कुणी सांगायला नको होतं. त्या नव्या नव्या वॉर्डात आल्या, तेव्हा एंजेला सिस्टरनं त्यांना इंजेक्शनच्या आधी हेच शिकवलं होतं. "नेतात ते मढं. जित्या माणसाला 'चला' म्हणायचं. 'बाबा, चला, घर वाट बघतंय.' म्हणून दाखव." आणि त्यांनी शाळेतल्या पोरीसारखं म्हणून दाखवलं होतं.

मग परवा काय झालं? वॉर्डात जत्रा भरली होती. भिमाजीच्या कॉटसाठी दुसरा पेशंट दारात स्ट्रेचरवर थांबलेला. बाईंच्या काखेत कागद, कानाला फोन. जाता जाता त्याच्या बायकोला, कडूबाईला म्हणाल्या, "घरी न्या आता यांना." कडूबाईनं नुसती मान हलवली होती. तिचा चेहरा बघायलाही बाई थांबल्या नव्हत्या.

डॉक्टर ऐकून म्हणाले, "ॲम्ब्युलन्स घेऊन जा, सिस्टर."

"नको. ती दारात दिसली तर तिथंच हंबरडा फोडतील."

त्यांनी गोळ्यांची पिशवी घेतली आणि जामखेडची एसटी धरली.

खिडकीशी बसल्यावर एंजेला सिस्टर काही डोळ्यांपुढून हलेनात. केवढा थाट असायचा तेव्हा पेशंट घरी निघाला की! आदल्या दिवशी त्याच्या बायकोला स्वयंपाकघरात नेऊन पथ्याचं करायला लावायचं. गोळी कशी द्यायची ते तिनं करून दाखवायचं, चुकली की पुन्हा. सकाळी पेशंटला आंघोळ, त्याचं धोतर, त्याची टोपी. मग सगळा वॉर्ड कॉटवर उठून बसायचा आणि तो माणूस स्वतःच्या पायानं फाटकापर्यंत जायचा. भिंगारचा एक टांगेवाला तर जाताना सगळ्यांना रेवड्या वाटून गेला होता. माणसं कमी होती, वेळ होता, की वेळ काढायची दानत होती, बाईंना आता सांगता आलं नसतं. त्या दिवसांची आठवण मात्र दाटून आली.

नवऱ्याला, योसेफला, मात्र त्यांना तसं नेता आलं नाही. तो त्याच वॉर्डात वारला. त्याची धुतलेली पँट आणि शर्ट त्या पिशवीत घालून एकट्याच भिंगारला परतल्या होत्या. खिडकीबाहेर उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या बैलगाड्या चालल्या होत्या, आणि बाई पदरानं डोळे पुसत होत्या.

खर्ड्याच्या पुढं वस्तीवर पोचल्या तेव्हा पत्र्याच्या सावलीत पुरुषमाणसं गुडघे धरून बसली होती. भजन थांबलं. आत जमिनीवर घोंगडीवर भिमाजी उताणा निजला होता. पाय सुजलेले, श्वास वरवर. उशाशी कडूबाई, पायाशी बायडाबाई. बाजूला भिंतीला टेकून एक उंच म्हातारा बसलेला. तो सहादेव, भिमाजीचा मोठा भाऊ. विहिरीच्या पाण्यावरून भांडण झाल्यापासून त्यानं या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. भाऊ चालला असं ऐकून काल आला होता.

बाईंनी नाडी धरली. भिमाजीनं डोळे उघडले. "सिस्टर व्हय? कशाला तरास घेतला? आता काय ऱ्हायलंय..."

"बाबा, भूक लागलीय का?"

त्यानं बहिणीकडं चोरून बघितलं आणि आवाज बारीक केला. "लई. पर मानसं एवढी लांबून आल्यात. भाकर कशी मागू?"

बाईंना हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. त्या उभ्या राहिल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "माझी चूक झाली. बाबा बरे झालेत, घरी चला, असं म्हणायचं होतं मला. माझी जीभ घसरली. हे मरायला टेकलेले नव्हते. आज जे झालंय ते गोळ्या बंद केल्यानं झालंय. मला माफ करा."

बायडाबाई उसळली. "आन् मी कालधरनं ऊर बडवतीय ते? पार घसा बसला माजा!"

"बस म्हनावं घशाला," कडूबाई म्हणाली. ती उठली, तुळशीच्या पाण्याचा तांब्या उचलून बाहेर ओतून आली आणि विझलेल्या चुलीपुढं बसली. काडी काही केल्या पेटेना. काल सगळे रडत होते तेव्हा ही बाई कोरडी बसून होती. आता मात्र ती चुलीत तोंड घालून ढसाढसा रडली. बाईंनी तिच्या हातातून काडेपेटी घेतली, चूल पेटवली आणि पिठल्यात मीठ घालायचं नाही हे तिथंच तिच्या कानात सांगितलं.

मग त्यांनी भिमाजीला उठवून पाठीशी गोधड्या रचल्या, डॉक्टरांना फोन लावून त्यांनी सांगितल्या त्या गोळ्या दिल्या आणि शेजारी बसून राहिल्या. दम उतरेपर्यंत जेवण नको आणि उतरला नाही तर परत दवाखाना, असं ठरलं होतं. दुपार कलली तसा त्याला हात धरून दोनदा लघवीसाठी बाहेर नेऊन आणावं लागलं. दुसऱ्यांदा परत येताना तो उंबऱ्यात थांबून म्हणाला, "आता हवा शिरतीया आत." बाईंनी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

पाहुणे पांगायला लागले. आनंदही झाला होता आणि थोडी पंचाईतही. मयतीसाठी आलेल्या माणसानं जगलेल्याचा निरोप कसा घ्यायचा, याची रीत कुणालाच माहीत नव्हती. सहादेवनं टोपी झटकली.

"बरं झालं," तो भिंतीकडं बघत म्हणाला. "निघतो मी."

"दादा," भिमाजी म्हणाला, "काल म्या हात धरून बोललो, इहिरीपाई माजंच चुकलं म्हनून. ते मराया लागलो हुतो म्हनून न्हवतं."

सहादेव दारात गेला होता. एका पायात वहाण चढली होती. "म्या मातर मरतोयस म्हनूनच माफ केलं हुतं," तो म्हणाला.

एवढ्या लांब येऊन आपण एक माणूस उठवला आणि एक परत घालवला, असं सत्यशीलाबाईंना वाटलं. त्यांना मध्ये पडावंसं वाटलं, पण हे काम सिस्टरचं नव्हतं.

कडूबाईनं भाकरी आणि पिठलं वाढून आणलं. ताट एकच होतं, पण भाकरी दोघांपुरत्या होत्या. तिनं कुणाला या म्हटलं नाही. ताट भिमाजीपुढं ठेवलं, जरा दाराच्या बाजूला सरकवून.

सहादेव उभाच होता. मग त्यानं वहाण काढली, हात धुतले आणि भावासमोर बसला. पहिला घास तोंडात घातला आणि थांबला.

"मीठ न्हाई ह्यात."

"त्यास्नी बंद हाय," कडूबाई म्हणाली. "तुमाला देते, थांबा."

"ऱ्हाऊ दे," सहादेव म्हणाला. त्यानं भाकरी मोडून अर्धी भावाकडं सारली आणि अळणी पिठल्याचा पुढचा घास घेतला.