उस्ताद मालखाझचं उजेडचक्र

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती, खरंच सांगते! द्राक्षं काढून कालच संपलेली, सगळ्यांचे हात अजून जांभळे, आणि अख्खं गाव आमच्या शाल्वाकाकाच्या अक्रोडाखाली माना उंचावून उभं. ओसरीवर आमचाच टीव्ही आणून ठेवलेला. त्याला वायर, वायरीला इवलासा कॅमेरा, आणि कॅमेऱ्यामागे उस्ताद मालखाझ, पांढरा कोट, पांढरी दाढी.

टीव्हीवर आमच्या पोस्टमनची बायको दिसत होती. तिच्या डोक्याभोवती उजेडाचे मणी! शेकडो! गोल गोल, भोवरा फिरावा तसे. जुन्या देवळातल्या संतांना तरी एकच वलय असतं, हिला दहा पदरी.

"अरे देवा!" कुणीतरी गुडघ्यावरच बसलं.

"थांबा," मालखाझ हात वर करून म्हणाला. "मी काही म्हणत नाही. मी कोण? एक गरीब माणूस. यंत्र काय म्हणतंय ते वाचा!"

त्यानं कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला. टीव्हीवर अक्षरं आली: लेन्स जोडलेली नाही.

"वाचलंत? डोळ्यांसमोर लेन्स आहे, हाताला लागतेय, आणि जपानी यंत्र म्हणतंय लेन्सच नाही! का? कारण ही काच माणसानं बनवलेलीच नाही, लेकरांनो. डोंगरातल्या मठात सातशे वर्षं जळणाऱ्या दिव्याची ही काच. ही चेहरा बघत नाही, आतला उजेड बघते!"

मग तो डोळे मिटून पुटपुटायचा, अंगठ्यानं चार बटणं दाबायचा, आणि कॅमेरा निमूट चालायला लागायचा.

मला हसू येत होतं. पण हसून चालणार नव्हतं, कारण पुढच्या खुर्चीत माझी नाझिब्रोला मावशी, म्हणजे शाल्वाकाकाची बायको, बसली होती.

मावशीला पंधरा वर्षं मधुमेह. रोज इन्सुलिनच्या सुया. चार दिवसांपूर्वी मालखाझनं तिचा पहिला फोटो काढला तेव्हा मागची पानं म्हणजे नुसती पानं, उजेड नाही, काही नाही. "विझलीस गं ताई," म्हणाला. मग वाइनमध्ये सात थेंब, त्या थेंबांच्या बाटलीचे रोख चाळीस लारी, एक प्रार्थना, आणि दुसरा फोटो. भोवरा! "रक्तातली साखर जळून गेली. आता सुया कशाला? फेक त्या."

आणि मावशीनं फेकल्या! म्हणजे टोचणं बंद. चार दिवस ती तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती, दर तासाला उठत होती, चेहरा उतरलेला.

"मावशी, डॉक्टरीणबाई फोनवर ओरडतायत."

"मळ निघतोय, तेक्ले. उस्ताद म्हणाले."

"निदान साखर तरी मोजू?"

"शंका घेतली की उजेड विझतो!" तिनं मोजायचं यंत्रच लपवून ठेवलेलं.

शाल्वाकाकाला म्हटलं, हाकलून दे ना त्याला. काका लालबुंद झाला. "पाहुणा देवानं पाठवलेला असतो! माझ्या दारातून पाहुणा हाकलला तर गावात तोंड दाखवू का?" मालखाझला हे पक्कं माहीत. गावागावात जाऊन तो पाहुणाच होतो. आमच्याकडे पाहुण्याला खोटारडा कोण म्हणणार?

पण मी त्याचा अंगठा पाहिला होता. पुटपुटताना तो अंगठा लेन्सवरच्या कडीवर सरकायचा. हळूच. टकटक नाही, काही नाही.

काकाच्या कपाटात जुना, फिल्मचा झेनिट कॅमेरा आहे, तुमच्याही घरी असेल, सगळ्यांच्याच आजोबा-काकांकडे असायचा. लेन्स काढून बघितली. मालखाझच्या लेन्सएवढीच, तीच ठेवण! त्यानं पुढच्या अक्षरांवर काळा रंग मारून चांदीचा कागद लावलेला, एवढाच फरक.

"वेडी आहेस," काका म्हणाला. "या लेन्सनं मी तुझ्या मावशीचे दोनशे फोटो काढलेत. एकात तरी उजेड दिसला का?"

अल्बम उघडला. खरंच नव्हता. मावशी नवरी, मावशी बाळासकट, मावशी केकसकट... आणि प्रत्येक फोटोत तिच्या पाठीला चिकटून भिंतीवरचा लाल गालिचा. गालिचा! आमच्याकडे फोटो म्हणजे गालिच्यापुढे, दुसरीकडे काढला तर लोक विचारतात घरी गालिचा नाही का. मागे लांबवर काही असेल तर ते धूसर होईल ना? गालिचा तर वीतभर अंतरावर!

मी राजधानीत, तिबिलीसीला मैत्रिणीला फोन केला. तिनं पुलावरच्या जुन्या बाजारातून जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला लावायची जोडकडी घेतली आणि आमच्या गावच्या मिनीबसवाल्याच्या हातात दिली. दुसऱ्या सकाळी ती लोणच्याच्या बरणीसोबत पोचली. माझा छोटा कॅमेरा, त्यावर जोडकडी, त्यावर काकाची लेन्स. चालू केला. लेन्स जोडलेली नाही! मी नाचलेच! अहो, जुन्या लेन्सला वायरच नाही, ती कॅमेऱ्याला नाव कसं सांगणार? मेन्यूत जाऊन 'लेन्स नसली तरी फोटो काढ' असं सांगायचं, झालं.

मग परसात गेले. आमची डुकरीण चिखलात बसलेली, मागे लांब उन्हातली झाडं. लेन्सवरची कडी फिरवून छिद्र पूर्ण उघडलं, हातानं फोकस केला. डुकरीण संत झाली! दहा पदरी वलय! कडी फिरवून लेन्सचं छिद्र बारीक केलं, वलय गायब. उघडलं, आलं. कॅमेरा उजेड आपोआप सांभाळून घेतो, त्यामुळे फोटो गडदही होत नाही. आणि लेन्स मुकी असल्यानं कडी कुठे होती याचा आकडाही कुठे उमटत नाही.

काकाला फोटो दाखवले. तो डुकरिणीचे फोटो पुढे-मागे करून बघायला लागला.

"पाहुण्याचा अपमान माझ्या घरी होणार नाही," म्हणाला शेवटी.

"अपमान कोण करतंय? आज जेवणात तूच तामादा ना? मला फक्त अलावेर्दी दे."

काकाच्या मिशीचं टोक हललं.

तामादा म्हणजे पंगतीचा कप्तान, पेला उचलून शुभेच्छा तोच बोलणार. आणि त्यानं कुणाला अलावेर्दी दिली की तीच शुभेच्छा पुढे वाढवायची पाळी त्या माणसाची, मध्ये कुणी तोंड उघडायचं नाही. दुपारच्या पंगतीला काकानं मालखाझच्या हातात वाइननं काठोकाठ भरलेलं हे एवढं शिंग ठेवलं. शिंगाला बूड नसतं. रिकामं होईपर्यंत खाली ठेवता येत नाही!

"आपल्या पाहुण्याच्या उजेडाला!" काका गरजला. "आणि अलावेर्दी माझ्या भाचीला!"

मी टीव्हीची वायर माझ्या कॅमेऱ्याला लावली. मालखाझ अक्रोडाखाली उभा, दोन्ही हातांत शिंग, पाठीमागे लांबवर ऊन पडलेला मळा. टीव्हीवर उस्ताद दिसला आणि भोवती भोवरा!

"वा!" पंगत ओरडली.

"उस्तादांचा उजेड अमर राहो," मी म्हटलं आणि कडी फिरवली. भोवरा विझला.

"आं?"

"अरेरे, विझला! काळजी नको." कडी फिरवली. "पेटला! विझला. पेटला. थेंब नकोत, प्रार्थना नको. काकाची कपाटातली लेन्स आहे ही. मागची पानं धूसर झाली की उजेडाचे ठिपके होतात, आणि या लेन्समध्ये कडेचे ठिपके चपटे होऊन गोल फिरल्यासारखे दिसतात. काचेची खोड आहे. आता आमच्या घरातली दुसरी संत बघा."

टीव्हीवर डुकरीण आली.

पोस्टमनची बायको आधी हसली. मग कोण नाही हसलं ते विचारा! मालखाझचा चेहरा जांभळा. "ही... ही पोरगी..."

"अलावेर्दी चालू आहे, उस्ताद," काका अगदी गोड आवाजात म्हणाला. "आधी शिंग संपवा."

"सोपं आहे हो," मी म्हटलं. "तुमच्या लेन्सवरचा चांदीचा कागद काढून दाखवा. दिव्याची काच असेल तर मी सगळ्यांसमोर पाया पडते."

त्यानं शिंग घटाघटा संपवलं, कॅमेरा उचलला, आणि कागद न काढताच फाटकाबाहेर गेला. काकानं पाहुणा म्हणून त्याला वाटेसाठी रोटीसुद्धा बांधून दिली, बोला!

पण मावशी हसत नव्हती. टीव्हीकडे बघत बसली होती. मग माझा कॅमेरा ओढून घेतला आणि स्वतःच कडी फिरवली. विझलं. पेटलं. विझलं. चार-पाचदा. मग झग्याच्या खिशात हात घालून लपवलेलं साखर मोजायचं यंत्र माझ्यापुढे ठेवलं.

आकडा बघून मी सरळ डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "आत्ताच्या आत्ता रुग्णालयात आणा," त्या म्हणाल्या. काका प्यायलेला, म्हणून गाडी मी चालवली.

अर्ध्या वाटेत मावशी म्हणाली, "ओरड ना मला."

"नाही ओरडत."

"पंधरा वर्षं, तेक्ले. रोज चार सुया. कुणीतरी म्हटलं, बास झालं, नको टोचूस. ते खोटं आहे का हे विचारायचं मनातच आलं नाही बघ."

दोन दिवस सलाईन लागलं तिला. आता बरी आहे, सुया घेते, शिव्या देत घेते.

म्हणून सांगते, तुम्ही सगळे ऐका. मावशी काही मूर्ख नाही, थकली होती फक्त, आणि असे लोक थकलेल्या माणसाच्याच दारात येतात. चमत्कार दिसला तर बघा, मजा घ्या, टाळ्यासुद्धा वाजवा. पण ते यंत्र हातात मागा. उलटंपालटं करून बघा. तुम्हाला जमतं का बघा. हात लावू देत नसेल तर समजून जा. आणि औषध बंद करायचं असेल तर ते डॉक्टरनं सांगावं, दुसऱ्या कुणीही नाही, मग त्याच्यामागे कितीही उजेड फिरत असू दे!