पाषाणनाथांची करवत-शांती

डिलाईल रोडच्या चाळीत रमाकांतच्या दारात ही गर्दी! तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीतल्या पट्टाकरवतीला, म्हणजे दोन चाकांवरून पट्ट्यासारखं पातं फिरवणाऱ्या यंत्राला, झेंडूचा हार घातला होता, उदबत्तीचा धूर कोंदला होता आणि पाषाणनाथ महाराज डोळे मिटून गुरगुरत होते.

करवत कौसल्येची. नवरा रमाकांत गिरणीत, ती घरी पाट-पोळपाट कापून विकायची. मागच्या आठवड्यात तिने रुंद, मोठ्या दातांचं नवं पातं निवडून चढवलं, तेव्हा रमाकांतनेच महाराजांना आशीर्वादाला आणलं आणि त्यांनी फिरत्या पात्याला दगड टेकवून मंत्र म्हटला. त्या दिवसापासून प्रत्येक काप डावीकडे पळू लागला. कौसल्येने पात्यावरचा चीक रॉकेलने पुसला, ताण तपासला, पातं दोन्ही बाजूंनी धरणारे ठोकळे नीट बसवले. फरक शून्य. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यासाठी फलकांचे दांडे द्यायचे होते; सगळे वाकडे निघाले.

"काप, बेटी!" महाराज म्हणाले.

कौसल्येने पेन्सिलीच्या रेघेवर फळी सरकवली. पातं रेघ सोडून डावीकडेच गेलं.

"बघा! बाईचा हात लोखंडाला सोसत नाही." महाराजांनी झोळीतून शेंदूर फासलेला 'शाळिग्राम' काढला आणि "ओम् फट् स्वाहा" करत फिरत्या पात्याला डावीकडून टेकवला. ठिणग्या उडाल्या. मग त्यांनी स्वतः फळी सरकवली. काप सुतासारखा सरळ!

गर्दीचे हात जोडले गेले.

"हिचा हात पुन्हा लागला तर करवत रक्त मागेल. यंत्र मठात येऊ दे, तिथे शांती करू." शांतीची तळमळ एवढी, की हातगाडी महाराजांनी आधीच सांगून ठेवली होती.

"जिवापेक्षा करवत मोठी का गं?" रमाकांत पुटपुटला.

पण कौसल्येच्या डोळ्यांपुढून त्या ठिणग्या काही हलेनात. धारवाल्याच्या चाकातून अशाच उडतात! आणि आशीर्वादाच्या दिवशी महाराजांनी दगड टेकवला होता तो उजवीकडून.

"थांबा, मीही पूजा करते." तिने पटाशीला धार लावायचा आपला कुरुंदाचा दगड आणला. शेंदूर नाही, मंत्र नाही. डावीकडून टेकवला, काप उजवीकडे पळाला. उजवीकडून टेकवला, काप सरळ.

"सांगा महाराज, आता माझ्या अंगात कोण आलंय?"

शेजारची जाईबाई पहिली हसली. तिने शाळिग्राम हिसकावून बादलीत बुडवला. शेंदूर गेला, खाली कुरुंदच.

"अगो बाय, आंघोळ घातली नि देवाचा धारेचा दगड झाला!"

"पात्याचे दात आलटून पालटून डावी-उजवीकडे वाकवलेले असतात," कौसल्या म्हणाली. "एका बाजूचे बोथट केले की पातं दुसऱ्या बाजूला ओढतं. रोग यांनी लावला, औषधही यांनीच दिलं. वर माझं पातं झिजवलं ते वेगळंच."

महाराज कधी सटकले, कोणाला कळलंच नाही. रमाकांतने करवतीवरचा हार उतरवला. "तू कसं गं ओळखलंस?"

"तुम्ही डोळे मिटले होतेत," ती म्हणाली. "मी उघडे ठेवले."

तेव्हा मंडळी, करवत बिघडली तर तिचे दात बघा, ताण बघा, आणि तिला हात कोणी लावला तेही बघा. लोखंड मंत्राने सुधारत नाही, आणि बाईच्या हाताने बाटतही नाही.