तिसरं विमान

मोहनरावांनी आटलेल्या तळ्याच्या मधोमध उभं राहून टाचेनं मुरूम ठोकून पाहिला. खळगा पडला नाही. मागून दूध संघाचा टँकर पाणी शिंपडत सावकाश येत होता आणि त्याच्यामागे रोलर घरघरत होता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत या जागी म्हशी डुंबायच्या. आता सांडव्यापासून पार पलीकडच्या बाभळीपर्यंत सरळ, तांबडी पट्टी झाली होती, आणि तिच्यावर कुत्रं जरी आडवं गेलं तरी मोहनराव ओरडत होते.

"अजून एक थर टाकू," गहिनीनाथ म्हणाला. "तसं उतरतंय विमान, पण लेकीचं लगीन हाय, भरवसा नको."

गहिनीनाथ त्यांचा पुतण्या. पुण्यात विमानं भाड्यानं देणाऱ्या कंपनीत होता, आणि कलेक्टर कचेरीपासून दिल्लीपर्यंतच्या परवानग्या तोच बघत होता. नवरदेव घेऊन विमान या पट्टीवर, वडवणीच्या अलीकडच्या या गावात, थेट तळ्यात उतरायचं होतं. बीड जिल्ह्यात आजवर कुणाच्या लग्नात असं झालं नव्हतं. मोहनरावांना हवं होतं ते एवढंच.

खरं सांगायचं तर त्यांना विमान नको होतं. त्यांना ईश्वरप्पाच्या पुढं जायचं होतं.

ईश्वरप्पा पलीकडच्या तालुक्यातल्या सूतगिरणीचा चेअरमन. दोघं बीडच्या बोर्डिंगात एका खोलीत राहिलेले, एकाच डब्यात जेवलेले. पण मोहनराव दूध संघाचे चेअरमन झाले, तर ईश्वरप्पा आदल्याच साली गिरणीचा झाला होता. मोहनरावांनी जीप घेतली, तर ईश्वरप्पाच्या दारात मोटार आली. मोहनरावांच्या विहिरीला पाणी लागलं, त्याच आठवड्यात ईश्वरप्पाच्या बोअरला लागलं, आणि तेही गोड. यात सगळ्यात वाईट म्हणजे माणूस चांगला होता. कधी टोमणा नाही, कधी मिरवणं नाही. भांडायलासुद्धा जागा ठेवत नसे. अशा माणसावर जळायचं म्हणजे आतल्या आत जळावं लागतं, आणि मोहनराव चाळीस वर्षं तेच करत आले होते.

माघात ईश्वरप्पाच्या लेकीचं लग्न झालं. जावई हैदराबादेहून छोट्या विमानानं औरंगाबादला उतरला आणि तिथून मोटारीनं आला. मांडवात ज्याच्या त्याच्या तोंडी ते विमान. मोहनरावांनी जिलेबी खाल्ली ती गोड होती की खारट, हे त्यांना आजही सांगता आलं नसतं. घरी आल्यावर त्यांनी गहिनीनाथला बोलावून घेतलं.

"त्या विमानाचं सांग मला," ते म्हणाले. "सगळं सांग."

गहिनीनाथला असं विचारणारं घरात कुणी नव्हतं. तो खुलला.

"काका, तसली तीन विमानं हायेत, एकाच कंपनीची, एकाच घरातली. आधी त्यांनी सहा माणसांचं केलं. ते लई चाललं. मग गिऱ्हाईक म्हणायला लागलं, पाय पसरायला जागा न्हाई. तवा तेच अंग मधून कापलं आन दोन खुर्च्यांइतकं लांबवलं. वजन वाढलं, म्हणून इंजिन मोठं घातलं. पंखांची टोकं वर वळवली."

"म्हंजी पोरगं वाढलं की सदऱ्याला खालून पट्टी लावायची."

"तसंच. पण पट्ट्या लावून लावून किती लावणार? तिसऱ्या बारीला पंखच नवा केला. चांगला रुंद. त्यामुळं ते हळू येऊन थोडक्या जागेत उतरतंय. चाकं जोडजोडीनं, कमी हवेची. त्याला दाबून घेतलेला मुरूमसुद्धा चालतो."

मोहनराव पुढं सरकले.

"ईश्वरप्पाच्या जावयाचं कंचं होतं?"

"दुसरं."

"दुसऱ्याला मुरूम चालतो?"

"न्हाई. त्याला डांबरीच लागती. म्हणून तर ते औरंगाबादला उतरलं."

त्या रात्री मोहनरावांना ईश्वरप्पाकडच्या लग्नानंतर पहिल्यांदा शांत झोप लागली.

गुरुजींनी दोन मुहूर्त काढून दिले होते, एक वैशाखातला आणि एक ज्येष्ठातला, ऐन मृगातला. वैशाखात तिसरं विमान मोकळं नव्हतं. पहिलं होतं, दुसरंही होतं. रुक्मिणीबाई म्हणाल्या, पोरगी सुखात जाऊ दे, मोटारीनं आला नवरदेव तर काय नवरदेव नसतो का? मोहनरावांनी ज्येष्ठातला मुहूर्त धरला. मृगाचं काय, सलग दोन वर्षं कोरडाच गेला होता.

तळ्याचा गाळ त्यांनी स्वतःच्या मशिनी लावून काढला आणि ज्याला हवा त्याला फुकट नेऊ दिला. गावानं त्यांना डोक्यावर घेतलं. चारा छावणीत जनावरं बांधून बसलेल्या बायका कानशिलावर बोटं मोडून त्यांची दृष्ट काढत होत्या. भिवराबाईच्या खडकाळ तुकड्यावर त्या गाळानं पहिल्यांदा माती दिसली होती. तिनं पट्टीवर येऊन मोहनरावांच्या पायाला हात लावला.

"अण्णा, लई केलंत गरिबाचं. आता नुस्ता पाऊस पडला, की बगा तळं कसं भरतंय."

"पडंल, पडंल," मोहनराव म्हणाले आणि रोलरवाल्याला हाक मारायला वळले.

लग्न चार दिवसांवर आलं, तेव्हा नारायणगडाच्या बाजूला आभाळ भरायला लागलं. सगळा तालुका देव पाण्यात घालून बसला होता. देव तर मोहनरावांनीही घातले होते, फक्त नवस उलटा होता. सकाळी उठल्याबरोबर ते अंगणात येऊन वर बघत. ढग पांगलेले दिसले की चहा दोनदा घेत.

"लोकं हंड्यापायी मारामाऱ्या करत्यात," रुक्मिणीबाई म्हणाल्या, "आन तुमी मुरमाला पाणी पाजताय."

"दूधच येत न्हाई सध्या. टँकर उभाच असतो संघात."

"टँकर उभा हाय, तशी लोकंबी उभीच हायेत."

"चार दिस गं," ते म्हणाले. "चारच दिस. मग पडू दे म्हणावं किती पडायचा तो."

हे आपण कुणाला सांगतोय, असा प्रश्न त्यांना पडला खरा. पण तेवढ्यात मांडववाला आला.

त्याच दुपारी धोंडी निघाली. पाऊस लांबला की गावातल्या बायका एकीला नखशिखांत लिंबाच्या पाल्यानं झाकतात आणि पाणी मागणारं गाणं म्हणत दारोदार फिरवतात. घरधन्यानं तिच्या डोक्यावर तांब्या रिता करायचा. टंचाई कितीही असो, एवढं पाणी द्यायचंच. एखाद्या दारातून धोंडी कोरडी परतली, तर ढगही तसेच परततात असं मानतात. यंदा पाल्याखाली भिवराबाई होती. छावणीतल्या दहा-बारा बाया मांडवाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि गाणं थांबलं.

रुक्मिणीबाईंनी भरला तांब्या आणून नवऱ्याच्या हातात दिला.

"तू ओत की," मोहनराव हळूच म्हणाले.

"घरधन्यानं ओतायचं असतंय."

मोहनराव पायरी उतरले. भिवराबाईनं मान खाली घातली. पाला वाळायला लागला होता आणि त्याच्या फटीतून तिचे पांढरे केस दिसत होते. त्यांनी तांब्या वर केला. पाणी तांब्याच्या काठापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. बायांना वाटलं, अण्णा मनात काही म्हणत असतील. म्हणत होतेच ते.

खिशातला फोन वाजला. मोहनरावांनी तांब्या पायरीवर ठेवला, आणि इतक्या घाईनं ठेवला की रुक्मिणीबाईंनी त्यांच्याकडं वळून पाहिलं.

"मोहन, ईश्वर बोलतोय बे!" पलीकडून ओरडून आवाज आला. "ऐकू येतंय का? पत्र्यावर लई आवाज हाय. सकाळधरनं कोसळतोय आमच्याकडं! नाले भरून चाललेत. तुज्याकडं?"

मोहनरावांनी मान वर करून पाहिलं. ढग सरळ पुढं निघाले होते.

"न्हाई."

"एक टिपूस न्हाई?"

"न्हाई."

"बरं झालं बाबा! मला त्योच घोर लागलेला. म्हणलं, पट्टी चिखलात गेली तर मोहनचं विमान कसं उतरंल? नशीबवान हाईस. लेकीचं कार्य होऊ दे आधी, मग आमचा पाऊस लावून देतो तुज्याकडं." तो मनापासून हसला.

"किती पडला?" मोहनरावांनी विचारलं.

"मोजतंय कोण! पोरं भिजत्यात, म्हातारी भिजतीया, मीबी भिजून आलो."

"अजून चालू हाय?"

"ऐक की," ईश्वरप्पा म्हणाला, आणि त्यानं फोन बहुतेक पत्र्याकडं धरला.

मोहनरावांनी ऐकलं. पट्टी कोरडी होती. तिसरं विमान उतरणार होतं. जे मागितलं ते सगळं मिळालं होतं, आणि तरी बोर्डिंगातल्या त्या खोलीपासूनचं ते जुनं, ओळखीचं काहीतरी छातीत चावत सुटलं. पाऊससुद्धा आधी त्यालाच. न मागता, दारात. फोन बंद झाला तरी ते तो कानाला लावून उभे राहिले.

बाया बघत होत्या. भिवराबाईनं तोंडावरचा पाला बाजूला केला.

"अण्णा, पडला म्हणं का कुठं?"

रुक्मिणीबाई अगदी त्यांच्या खांद्याशी उभ्या होत्या. पत्र्यावरचा आवाज त्यांनीही ऐकला होता.

"न्हाई," मोहनराव म्हणाले. "कुणाकडंच न्हाई."

"मग ओता की वो," भिवराबाई म्हणाली, आणि तिनं पुन्हा मान खाली घातली.