ग्रहणाच्या नावाची पाटी

चिखलीच्या गवराबाईचा गोठा रिकामा झाला, तसा दापोडीच्या विलासनं तो भाड्यानं घेतला आणि त्यात लोखंड कातायचा लेथ मांडला. त्याची बायको कस्तुरा, सातवा महिना लागलेली, गवराबाईला लेकीसारखी. म्हणूनच ऐंशी सालच्या त्या खग्रास सूर्यग्रहणाच्या दुपारी म्हातारीचा जीव थाऱ्यावर नव्हता. दारं लावून, पाण्यात तुळशीपत्र टाकून बसली, तरी कान गोठ्याकडेच. आणि तिकडून आवाज आला तो करवतीचा!

नेमका त्याच संध्याकाळी पिंपरीच्या एका कंपनीला माल द्यायचा होता, पहिलीच ऑर्डर. दोन्ही कामगार ग्रहण पाळायला घरी. विलास लेथवर, आणि ही बया पोट सांभाळत लोखंडी दांडे कापतेय.

गवराबाई ग्रहणबिहण विसरून तशीच धावली. पोटुशीनं ग्रहणात काही कापायचं नसतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. साहेबराव पोटात असताना अशाच एका ग्रहणात तिनं विळीवर कांदा चिरला. एक कांदा! पोरगा फाटक्या ओठाचा जन्मला. ‘तूच कापलास त्याचा ओठ,’ असं सासू मरेपर्यंत म्हणत राहिली. गावानं तेच म्हटलं आणि तिनंही तेच मानलं. कस्तुराचा हात धरून तिनं हे सगळं रडत सांगितलं.

कस्तुरानं करवत खाली ठेवली. भीती तिलाही वाटली असणार, ती काय दगड होती?

"मावशी, आम्ही बुद्धाची माणसं, ग्रहण पाळत नाही," ती म्हणाली. "तुमच्या कांद्यानं काही झालं नाही. पण हे मी नुसतं तोंडानं सांगून तुम्हाला पटायचं नाही."

आणि तिनं पुन्हा करवत उचलली. काय छातीची बाई म्हणावी! माल वेळेत गेला. गवराबाईला मात्र पुढे दोन महिने अन्न गोड लागलं नाही.

मुलगी झाली. टोपरं सारून गवराबाईनं बोटानं तिचे ओठ चाचपले. चांगले धड होते. म्हातारी तिथंच खाली बसली.

"म्हंजी मी न्हाई कापला," ती म्हणाली. "माझ्या साहेबरावाचा ओठ मी न्हाई कापला."

कस्तुरानं बाळ तिच्या मांडीवर दिलं.

पुढे कारखान्याची पाटी रंगवायची वेळ आली. विलासच्या मनात ‘प्रगती’ होतं. गवराबाई हटून बसली, गिऱ्हाणाचंच नाव द्यायचं. असलं अभद्र नाव कुणी ठेवतं का, लोक विचारतील, विलास कुरकुरला.

"इचारू दे की," म्हातारी म्हणाली. "मी हाय न्हवं सांगायला."

‘खग्रास इंजिनिअरिंग वर्क्स’. पाटी साहेबरावानं शिडीवर चढून लावली, आणि शिडी धरली होती गवराबाईनं.